एका बियाची दोन

२१ जानेवारी

सहा नंबरच्या ट्रेमध्ये आज पांढरं रोप निघालं. पिवळट नव्हे, फिकट हिरवंही नव्हे — पांढरं. भिजवलेल्या कागदासारखं. देठ पांढरा, दोन्ही पानं पांढरी. उजेडाकडे धरलं की पानातल्या शिरा पाण्याच्या रेघांसारख्या दिसतात.

त्याला अगदी चिकटून एक हिरवं. कोकोपीट बाजूला करून पाहिलं. दोन्ही एकाच बियातून आली आहेत. जंबेरी लिंबात हे नेहमीचं. एका बियाला दोन, कधी तीन रोपं येतात. जोमाचं एक ठेवायचं, बाकीची चिमटीनं उपटायची. आणि वेगळ्या पानाचं असेल तर तेच आधी उपटायचं. बाबांचा नियम. मोसंबीचा डोळा भरायला, म्हणजे कलम करायला, खालचे खुंट एकसारखे लागतात, नाहीतर बाग पुढे खालीवर वाढते.

बाबा गेल्यापासून रोपवाटिका मीच बघतो. द्रोणासारखं वळलेलं पान पाहिलं. शेंड्याला दुभंगलेलं पाहिलं. देठाला पंख फुटलेलं पाहिलं. पांढरं कधी नाही.

इथे आधी ‘विकृत पान’ असं लिहिलं होतं. खोडलं. ‘वेगळं पान’ लिहिलं. ‘विकृत’चं स्पेलिंग बरोबर होतं, तरी खोडलं.

उद्या उपटेन.

२२ जानेवारी

उपटलं नाही.

चिमटीत धरलं होतं. तेवढ्यात राजेश्री वहिनी चहा घेऊन शेडनेटमध्ये आल्या. दादा पूर्णेला रेल्वेच्या ट्रॅकवर कामाला, क्वार्टरवर राहतो, सुट्टीला पिंगळी स्टेशनवर उतरून घरी येतो. एरवी घरात आम्ही तिघंच — आई, वहिनी आणि मी. वहिनींना शेडनेटमध्ये बसायला आवडतं. मानवतला त्यांच्या माहेरी कापसाचं दुकान, झाड म्हणून दारात एक तुळस. त्यामुळे इथलं सगळं त्यांना नवीन.

“काय उपटायलाव, भावजी?”

“पांढरं आहे. जगणार नाही.”

“कोण म्हणलं?”

मी सांगितलं. हिरवेपणा नसला की पानाला अन्न करता येत नाही. बियात जेवढी शिदोरी असते तेवढ्यावर ते उभं असतं. ती संपली की संपलं.

“मग शिदोरी संपंपर्यंत तरी राहू द्या. जेवत्याला ताटावरून उठवायलाव तुमी.”

माझा हात बाजूला करून त्या ट्रेपुढे खाली बसल्या.  मग म्हणाल्या, “हे आमचं.”

“आमचं म्हणजे?”

नुसत्या हसल्या. मग माझ्या लक्षात आलं. त्यांना पुन्हा दिवस गेले आहेत. आधीची दोन गेली. पहिलं तिसऱ्यात, दुसरं पाचव्यात. दुसऱ्या वेळी मीच ॲपे रिक्षात घालून परभणीला नेलं होतं.

“मायला सांगू नका. पाचवा सरला की मी सांगते. आन् हे बी उपटू नका. हे जगलं की आमचं जगंल.”

मी म्हणालो, मग हिरवं धरा. त्याच बियाचं आहे, जोमदार आहे.

“ते तर जगणारच हाय. जगणाऱ्याला कशाला धरू?”

२५ जानेवारी

शिदोरी हा शब्द मी वापरायला नको होता. आता रोज येऊन विचारतात, “किती उरली?”

३० जानेवारी

लिंबाची काळी फुलपाखरं आली आहेत. कोवळ्या पानावर अंडी घालतात. सगळ्या ट्रेवर घातली. पांढऱ्यावर एकही नाही. शेजारच्या हिरव्यावर आहेत.

अंडी वेचून टाकली. फुलपाखरांना कसं कळतं?

४ फेब्रुवारी

पांढऱ्याच्या पानाची कड पारदर्शक व्हायला लागली. देठ मऊ झाला आहे. शिदोरी संपत आली.

वहिनी दादाबरोबर परभणीला डॉक्टरीणबाईंकडे गेल्या होत्या. आल्या त्या घरात न जाता सरळ शेडनेटमध्ये. पायात बाहेरच्याच चपला.

“भावजी, दोन हायत.”

“काय दोन?”

“जुळं हाय.”

 आम्ही दोघांनीही एकाच वेळी सहा नंबरच्या ट्रेकडे पाहिलं. नंतर दोघांनीही दुसरीकडे.

दादा मागून आला, माझ्या पाठीत धपाटा घातला. “काका, आता दोन पाळणे बांधा.” मी हसलो. मला हसू आलं नव्हतं.

९ फेब्रुवारी

पांढरं आडवं पडलं आहे. वहिनींना अजून दाखवलेलं नाही. सकाळी त्या यायच्या आत काडीचा टेकू लावतो.

असं वाटतं की ते मेलं तर त्यांना धक्का बसेल, आणि धक्क्यानं... पुढचं लिहीत नाही.

१० फेब्रुवारी

केलं.

भेटकलम बांधलं. भेटकलम म्हणजे दोन रोपं आपापल्या मुळांवर उभी असतानाच त्यांच्या अंगाची साल थोडी तासायची, दोन्ही जखमा एकमेकींना लावायच्या आणि वर पट्टी आवळायची. आंब्याला करतात. आई-बाबांनी हजारो बांधली असतील. एवढ्याशा जंबेरीला कुणी बांधत नाही, कारण गरजच नसते. देठ काडेपेटीतल्या काडीपेक्षा बारीक. नवं ब्लेड अर्धं मोडून घेतलं. हिरव्याची साल काढली तेव्हा ओलं हिरवं दिसलं. पांढऱ्याची काढली तेव्हा आतही पांढरंच.

विचार असा — हिरव्याच्या पानांनी केलेलं अन्न जोडातून पांढऱ्याला मिळेल. एका बियाची आहेत, अंग लगेच धरतील. हिरव्याला तेवढं जड जाणार नाही.

वहिनी म्हणाल्या, “पट्टी कशाची?”

“आधार दिला आहे. वाऱ्यानं पडू नये म्हणून.”

शेडनेटमध्ये वारा नसतो. त्यांना ते सुचलं नाही.

२४ फेब्रुवारी

पांढरं उभं राहिलं! टेकू काढला तरी उभं.

वहिनींनी त्याला हात जोडल्यासारखं केलं आणि स्वतःलाच हसल्या. “बघा, शिदोरी म्हणं. कुठून खायलाय मग हे?”

मी म्हणालो, काहींना जास्त मिळते.

११ मार्च

पांढऱ्याला नवीन पानं. मोठी आहेत, सहा नंबरमधल्या कुठल्याही हिरव्या रोपापेक्षा मोठी. मऊ, थंड. बोट लावलं की कानाच्या पाळीला लावल्यासारखं वाटतं. दोन्ही एका पिशवीत हलवली आणि पिशवी जाळीच्या कोपऱ्यात, ओल्या पोत्याच्या सावलीत ठेवली. या पानांना ऊन सोसत नाही.

आईला वहिनींनी सांगितलं. पाचवा सरायची वाट पाहिली नाही, पोटच सांगायला लागलं होतं. आईनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या आणि मग मला म्हणाली, “तुला म्हाईत व्हतं ना रं? तोंड बघूनच कळालं. तुला खोटं लपवता येत न्हाई.”

येतं.

२० मार्च

संध्याकाळी शेडनेटमध्ये सगळी रोपं अंधारात जातात, पांढरं दिसत राहतं. लांबून वाटतं की पोत्याच्या सावलीत कुणीतरी उभं राहून इकडे पाहत आहे. मी सहसा अशा गोष्टी लिहीत नाही.

२९ मार्च

हिरव्याची नवीन पानं बारीक येत आहेत. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा. जस्त कमी पडलं म्हणून फवारलं. फरक नाही. खत दिलं. त्यानंतर पांढऱ्याला आणखी दोन पानं फुटली. हिरव्याला नाही.

७ एप्रिल

ऊन फार. सगळ्या ट्रेना दोनदा पाणी. पांढरं आता हिरव्यापेक्षा उंच आहे. जोडाच्या ठिकाणी गाठ आली आहे, पट्टीच्या बाहेर फुगली आहे. पट्टी सैल केली. आत दोन देठ कुठे संपतात आणि कुठे सुरू होतात ते ओळखू येत नाही.

म्हणजे भेट बसली. बाबा असते तर म्हणाले असते, हात चांगला आहे.

१६ एप्रिल

आज नीट लिहायचं आहे, घाई करायची नाही.

दादाला रजा मिळाली नाही म्हणून वहिनींना मी परभणीला नेलं. सोनोग्राफीला डॉक्टरीणबाईंनी फार वेळ लावला. यंत्र फिरवतच राहिल्या. मी दाराशी उभा होतो. त्यांनी मला आत बोलावलं, विचारलं, “तुम्ही मिस्टर का?” वहिनी म्हणाल्या, “भावजी हायत, सांगा त्यांच्यासमोर. मला एकटीला ध्यानात न्हाई राहायचं.”

डॉक्टरीणबाई समजावून सांगणाऱ्या आहेत. कागदावर काढून दाखवलं. दोन बाळं, दोन पिशव्या, पण दोघांना पोसणारी वार एकच. वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या गेल्या आहेत. त्यामुळे एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे चाललं आहे. एक लहान राहिलं आहे, त्याच्याभोवती पाणी कमी. दुसरं मोठं, त्याच्याभोवती पाणी जास्त.

“म्हणजे एक देतंय, एक घेतंय,” त्या म्हणाल्या. “दोघांनाही ते कळत नाही. कुणाचा दोष नसतो. वाहिन्या तशा जुळल्या.”

दर आठवड्याला यायचं. वाढलं तर हैदराबादला पाठवणार, तिथे आत दुर्बीण घालून मधला जोड बंद करतात. सध्या सौम्य आहे.

मी विचारलं, “जोड कशानं होतो?”

“कशानं म्हणजे? मुळातच असतो. सुरुवातीपासून.”

‘सुरुवातीपासून’ असं त्या स्पष्ट म्हणाल्या. मी दोनदा विचारलं.

येताना ॲपेमध्ये वहिनी माझ्याशेजारी बसल्या होत्या. बाहेर बघत म्हणाल्या, “दोन्ही माझीच. कोणाला म्हणू थांब म्हणून?”

घरी आलो. शेडनेटमध्ये गेलो नाही.

१७ एप्रिल

गेलो. हिरव्याचं खालचं एक पान गळून पडलं होतं. पांढऱ्याला शेंडा फुटतोय.

मी ते फेब्रुवारीत बांधलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुरुवातीपासून असतो. मी ते फेब्रुवारीत बांधलं.

१९ एप्रिल

वहिनींना कळलं.

त्या हल्ली शेडनेटमध्ये यायच्या नाहीत, चालताना धाप लागते. आज आल्या. पिशवीपुढे बसायला जमलं नाही म्हणून मी पिशवी उचलून त्यांच्यापुढे स्टुलावर ठेवली. त्यांनी पांढऱ्याकडे पाहिलं. मग हिरव्याकडे.

“हे असं पिवळं का पडायलंय?”

“जस्त कमी आहे.”

“दुसऱ्या रोपान्ला न्हाई का कमी?”

 त्यांनी बोटानं पट्टी चाचपली. गाठीला बोट लागलं तसं थांबलं.

“हे बांधलेलं न्हाई,” हळू म्हणाल्या. “हे जोडलंय.”

“हो.”

“कवा?”

“तुम्ही जुळं आहे म्हणून सांगितलंत त्यानंतर. मरत होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून...”

“माझ्यासाठी केलंव?”

“हो.”

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पांढऱ्या पानावर हात ठेवून बसल्या, ताप बघतात तसा. मग हात काढून साडीला पुसला.

“सोडवा.”

“सोडवलं तर हे पांढरं मरेल. चार दिवससुद्धा काढणार नाही.”

“न्हाई सोडवलं तर?”

हिरवं वाळेल, आणि ते वाळल्यावर पांढरंही, असं मी म्हणालो नाही. पण त्यांनी ऐकलं.

उठायला मी हात दिला. तो त्यांनी घेतला नाही, बांबू धरून उठल्या. जाळीच्या दारातून वळून म्हणाल्या, “मला इचारू नका, भावजी. मी माय हाय, मला एकाला कापा म्हणता येत न्हाई. बांधलं तुमी, तर ठरवा बी तुमीच. आन् काय केलं ते मी इचारल्याशिवाय सांगू नका.”

२० एप्रिल

झाड आहे. झाडाचा आणि माणसाचा काही संबंध नसतो. दहावीच्या विज्ञानात मला चांगले गुण होते.

२२ एप्रिल

हिरवं देतंय, पांढरं घेतंय. घेणाऱ्याला बाजूला केलं तर देणारं वाचेल. दोन्ही जाण्यापेक्षा एक वाचवणं योग्य. कुठलाही माळी हेच करील.

ब्लेड घेऊन बसलो. गाठीच्या जरा वर, पांढऱ्याच्या बाजूला लावायचं. लावलं. पांढऱ्या देठावर ब्लेडची बारीक रेघ उमटली, त्यात पाण्याचा थेंब आला.

ब्लेड ठेवलं. उद्या.

२३ एप्रिल

उद्या.

३० एप्रिल

तपासणी. “आहे तसंच आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बावीस तारखेपासून मी ब्लेडला हात लावलेला नाही. ‘आहे तसंच’ राहावं म्हणून मीही आहे तसंच ठेवलं. हे मूर्खपणाचं आहे हे मला लिहिताना कळतं, शेडनेटमध्ये उभं असताना कळत नाही.

८ मे

वहिनींचे पाय सुजले आहेत. पलंगावरून स्वयंपाकघराशी बोलतात. आई म्हणते, “पडून राहा बाई, भाकरी मला येतात. तू जन्माला यायच्या आधीपासून येतात.” वहिनी हसतात. माझ्याशीही बोलतात, पाणी मागतात, दादाला फोन लावून मागतात. रोपाचं एका शब्दानं विचारत नाहीत. विचारत नाहीत म्हणून मला घरात बसवत नाही.

१५ मे

दादा आला होता. शेडनेटमध्ये चक्कर टाकली. “हे भूत कशाला पाळलंस रं?” पांढऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला. “फेक की.”

मी म्हणालो, प्रयोग आहे.

“प्रयोग!” हसला. मग हसू गेलं. “नाग्या, डॉक्टरीण मला फोनवर म्हणली, एखादवेळी एकच हाती लागंल. मी म्हणलं, ताई, एक तर एक. बाई वाचू द्या. चुकलं का रं माझं?”

मी नाही म्हणालो. तो बराच वेळ माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. इतका मोठा माणूस, रूळ उचलतो.

दादालासुद्धा ठरवता आलं. एक तर एक.

२१ मे

हैदराबादचं राहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता त्या उपायाची वेळ गेली, जितके दिवस पोटात राहतील तितके राहू द्यायचे. पुढच्या दोन-चार दिवसांत कळेल.

हिरव्याला वरची थोडीच पानं उरली आहेत. मी ठरवलं. पांढरं कापायचं. परवा रविवार, दादा घरी असेल, वहिनींजवळ कुणीतरी असेल. तेव्हा.

२६ मे

रविवारी कापलं नाही. रविवारी रात्री वहिनींना कळा आल्या. जीप करून परभणीला आणलं. दादा, मी. आई घरी — गाय आहे, रोपांना पाणी आहे. डॉक्टरीणबाईंनी कळा थांबवण्याचं औषध लावलं आहे. थांबल्या तर बरं.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून लिहितोय. इथे पांढऱ्या कपड्यातलं कुणीही समोरून आलं की मी वहीत डोकं घालतो.

२७ मे

कळा पुन्हा सुरू. एका बाळाचे ठोके कमी होत आहेत. कुठल्या ते मला कुणी सांगितलं नाही. उद्या सकाळी पोट उघडणार.

दादा म्हणाला, घरी जाऊन आईची लुगडी, जुनं मऊ कापड आणि पैसे घेऊन ये. मी निघालो. मनात एकच — आज कापायचं. उद्याच्या आत. उशीर केला म्हणूनच ठोके कमी झाले.

एसटीनं फाट्यावर उतरलो. घरात न जाता शेडनेटमध्ये गेलो.

पिशवीत पांढरं एकटं उभं होतं.

हिरव्याचं डोकं गाठीच्या वरून सफाईनं छाटलेलं. पांढऱ्याचा पाय गाठीच्या खालून तोडलेला. म्हणजे आता हिरव्याच्या मुळावर पांढरा शेंडा. कापावर ओली माती लावलेली. शेजारी नवीन टेकू. इतकं नीटनेटकं काम आमच्या घरात एकच माणूस करतं.

आई पाइप धरून मागच्या ट्रेंना पाणी घालत होती.

“आई, हे कुणी केलं?”

“मी. परवाच केलं, तुमी गेल्यावर. घरात मन लागंना, काय तरी हाताला पाहिजे व्हतं. भेट कवाच बसली व्हती, तुझं ध्यान कुठं हाय? जास्त दिस ठिवलं की खुंट कलमाला खातो.”

“पांढरं का ठेवलंस?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अ आ इ ई विसरलोय.

“कलम त्याचंच बांधलं व्हतंस ना? जे जोडलं ते ठेवायचं, ज्याला जोडलं त्याचं डोकं मारायचं. दुसरं काय करत असतेत भेटकलमाला? मला वाटलं शोभेचं काय तरी नवीन काढायलास. बंगलेवाले घेतेत असलं.”

बरोबर आहे. भेटकलम बांधलं की पुढे हेच करतात. जो हिरव्या खुंटाला पांढरं बांधून ठेवतो, त्याला पांढरंच हवं असणार. माझ्या मनात उलटं होतं, ते रोपावर कुठे लिहिलेलं नव्हतं.

हिरव्याचा शेंडा उकिरड्यावर सापडला. उन्हानं पानांच्या सुरळ्या झाल्या होत्या. तरी पाण्यात ठेवला. दोन दिवसांनंतर काय उपयोग.

आई म्हणाली, “रडायला काय झालं रं? राजेश्रीचं काय म्हणले डॉक्टर?”

उद्या, म्हणालो. कापड घेतलं, पैसे घेतले.

देणारं मेलं. घेणारं राहिलं. आणि आता त्याला देणारं कुणी नाही, म्हणून तेही राहणार नाही. दोन्ही गेली. हे मला वहिनींपुढे तोंडावर घेऊन जायचं आहे. आईला वाटतं मला लपवता येत नाही.

२८ मे

दोन मुली. दोन्ही जिवंत. वहिनी ठीक.

काचेच्या पेट्यांत ठेवल्या आहेत. दादाला आणि मला काचेतून दाखवल्या. एक लालबुंद, गोल, मुठी आवळलेली. दुसरी लहान. पांढरी. गोरी नव्हे — पांढरी. ओठसुद्धा.

दादा म्हणाला, “ही धाकली लय अशक्त हाय. हिला कमी पडलं का?”

नर्स म्हणाली, “हिनंच तर दिलं सगळं. अंगात रक्तच राहिलं नाही म्हणून पांढरी दिसते. आता चढवतोय. ती लाल आहे ना, ती घेणारी.”

मी नर्सला पुन्हा विचारलं. ती म्हणाली, “अहो, देणारं पांढरंच पडणार ना.”

इतके दिवस मी उलटं वाचत होतो. पांढऱ्याच्या देठावर ब्लेड टेकवलं होतं.

नर्स पुढे म्हणाली, जास्त घेतल्यानं लाल मुलीचं हृदय थकलं आहे. आज कळेल.

२९ मे

लाल होती ती पहाटे गेली.

५ जून

आज पहिल्यांदा पांढरीला वहिनींच्या छातीशी दिलं. आता तिचे ओठ गुलाबी आहेत. दादा औषध आणायला खाली गेला, मी बाकड्यावर होतो.

वहिनींनी विचारलं, “कोणतं ठेवलं, भावजी?”

आईचं नाव जिभेवर आलं होतं. आई तिकडे घरी या बाळासाठी दुपट्याला टाके घालत बसली आहे.

म्हणालो, “पांढरं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पलीकडच्या रिकाम्या पेटीकडे. आणि पदर ओढून बाळाचं तोंड माझ्यापासून झाकून घेतलं.